नऊ टाके

सुभाषनगरात दुपारी दोनचं ऊन
आमच्या उंबऱ्यापर्यंत येतं आणि थांबतं.
वीस मिनिटं, फार तर.
तेवढ्यात मी गोणपाटावर जोड मांडते,
फोटो काढून घेते.
पांढऱ्या कागदावर नको,
त्यावर कातडं दवाखान्यात आणल्यासारखं दिसतं.

एका जोडाचे चाळीस निघतात.
ठेवायचे तीन.
आधी मी सगळेच पाठवायचे,
आणि इचलकरंजीच्या एक बाई म्हणाल्या,
ताई, यातली विकायची कुठली?

वजनाचंही तसंच.
सहा एमबीचा फोटो म्हणजे
गडहिंग्लजच्या एसटीत बसलेल्या माणसाला
अर्धा अंगठा दिसेतो स्टँड येतं.
मग मी तासायला शिकले,
आबा रापीनं कडा तासतात तसं,
बाहेरून हलकं करत,
मधल्या वेणीला धक्का न लावता.

आबांना आता दिसत नाही.
काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलं.
पण रोज संध्याकाळी विचारतात,
"आज काय काढलंस? सांग."
मी म्हणायची, चप्पल.
"चप्पल कोल्हापुरात कुत्र्याच्या तोंडातबी असत्या.
कुठली?"

म्हणून मी सांगायला लागले:
कापशी. तेलपाणी दिलेली, काकवीच्या रंगाची.
वेणी तीन पेडांची, गोंडा तांबडा,
डाव्या कानाला किंचित सुरकुती.
"सुरकुती हाय न्हवं? ऱ्हाऊ दे. ती पुसू नगंस."
तेच मग फोटोखाली लिहायचे,
तेच फोटोचं नाव.
त्याआधी तो होता आयएमजी दोन शून्य नऊ तीन.
तुरुंगातल्या माणसाला असतो
तसा नंबर.

परवा सुजितनं एक फोटो आणला.
कुठनं, ते बोलला नाही.
काय उजेड होता त्यात!
कातडं मधासारखं, मागं धूसर हिरवं,
आमच्या गल्लीत असं हिरवं
फक्त नगरपालिकेच्या डब्याला आहे.
दादा म्हणाला, हाच पहिला लावायचा.

संध्याकाळी आबा म्हणाले, सांग.
मी सांगितलं. पट्टा, कान, वेणी.
"टाचेवर टाके किती?"
मी बोटानं स्क्रीन मोठी केली, मोजले.
सात.

आबांनी चहाची बशी खाली ठेवली.
"आमच्यात नऊ असत्यात.
माझ्या आज्ज्यानं नऊ घातलं, मी नऊ घातलं.
सात घालणारा वाईट न्हाई,
पर त्येचं त्येला दे."

दादा म्हणाला, कोण मोजतंय आबा?
कुणीच उत्तर दिलं नाही.
बाहेर कुणीतरी नवा जोड घालून गेला,
आत विंचू असलेला, करकर करत,
आणि आबांनी त्या आवाजाकडे मान वळवली
पार गल्लीच्या टोकापर्यंत.

तो फोटो मी काढून टाकला.
कचऱ्याच्या टोपलीतूनसुद्धा.

आता पहिला फोटो आमचाच आहे.
जरा काळपट. उजव्या कोपऱ्यात
आबांचा अंगठा आलाय, नखात रंग बसलेला.
कापणार होते. त्यांना विचारलं,
तुमचं बोट राहिलं तर चालेल?
"कसं दिसतंय?"
मला पटकन शब्द सापडेना.
जाड, म्हटलं. टाचेच्या कडेवर टेकलेलं.
मोजत असल्यासारखं.

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाले.

सगळ्याची एक नक्कल
मामाकडे कळंब्याला ठेवलीय, स्टीलच्या डब्यात.
पुराच्या वर्षी कुंभार गल्लीतल्या आत्याच्या
लग्नाच्या अल्बमचा लगदा झाला होता,
वाळवला तेव्हा एकच पान सुटं झालं:
पंगतीबाहेर काढलेल्या चपलांचं.
आबांनी त्यावर हात फिरवला
आणि विचारलं,
"ह्यात आपल्या किती?"